सँडर्स यांनी पाठिंबा दिला, तरी त्यांच्या मतदारांना तो का पटला नाही?

आपला प्रश्न असा आहे की, १२ जुलै २०१६ रोजी बर्नी सँडर्स यांनी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत आपल्याला हरवणाऱ्या हिलरी क्लिंटन यांना, जाहीर पाठिंबा दिल्यानंतर त्यांच्याच समर्थकांनी त्यांची हुर्यो का उडवली, आणि मतदार ऐकणारच नसतील तर अशा पाठिंब्याला अर्थ काय उरतो. याआधी आलेल्या उत्तरांत दोन मते दिसली. एका सदस्यांच्या मते ते मतदार हट्टी होते आणि त्यांच्यामुळेच डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. दुसऱ्या सदस्यांच्या मते सगळे नेते आतून एकच असतात आणि पाठिंबा म्हणजे निव्वळ सौदा. मला यातले एकही मत पटत नाही. मी वीस वर्षांहून अधिक काळ मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते आणि २०१६ साली शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन यांच्या प्रचारासाठी दारोदार फिरले आहे. त्या मतदारांशी मी समोरासमोर बोलले असल्यामुळे त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी त्या दिवशी काय घडले ते सांगते. पाठिंब्याची सभा न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ या गावी, एका हायस्कूलमध्ये झाली. याच राज्यात फेब्रुवारीतील प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, सँडर्स यांनी क्लिंटन यांना सुमारे ६० विरुद्ध ३८ टक्के अशा फरकाने हरवले होते. देशभरात त्यांना सुमारे १ कोटी ३० लाख मते पडली होती. क्लिंटन यांनी गोल्डमन सॅक्स या बड्या गुंतवणूक बँकेत दिलेल्या तीन भाषणांसाठी ६ लाख ७५ हजार डॉलर घेतले, त्या भाषणांत त्या काय बोलल्या ते लोकांपुढे का ठेवत नाहीत, हा प्रश्न सँडर्स यांनी महिनोन्‌महिने सभांतून विचारला होता. इराक युद्धाच्या बाजूने क्लिंटन यांनी २००२ मध्ये दिलेल्या मताची आठवण ते जवळजवळ प्रत्येक वादचर्चेत करून देत असत. आणि आता तेच सँडर्स त्याच क्लिंटन यांच्या शेजारी उभे राहून सांगत होते की उमेदवारीची लढत त्यांनी जिंकली आहे आणि त्या राष्ट्राध्यक्ष व्हाव्यात म्हणून मी शक्य ते सर्व करीन. ज्या माणसाने वर्षभर ते प्रश्न मनापासून ऐकले, त्याला एका सकाळी ते सारे विसर असे सांगितले, तर तो गोंधळणारच.

त्यानंतर दहा दिवसांनी, २२ जुलैला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या हजारो अंतर्गत ईमेल उघड झाल्या आणि समितीतील काही अधिकारी सँडर्स यांच्याविरुद्ध काय लिहीत होते ते सर्वांना वाचायला मिळाले. २४ जुलैला समितीच्या अध्यक्षांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियात पक्षाचे, उमेदवार औपचारिकपणे ठरवणारे, अधिवेशन सुरू झाले आणि दुपारी सँडर्स यांनी आपल्या प्रतिनिधींना क्लिंटन यांना निवडून आणण्याचे आवाहन केले, तेव्हा समोरच्या गर्दीने त्यांना बोलू दिले नाही. ही तारखांची ओळ डोळ्यांपुढे ठेवली, तर त्या मतदारांना हट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या बाजूने अन्याय झाला हा त्यांचा नुसता समज नव्हता. त्याचा निदान काही भाग कागदावर दिसत होता.

आता सौद्याचा मुद्दा. सँडर्स यांनी पाठिंब्याच्या बदल्यात काही मिळवले का? मिळवले, आणि ते स्वतःसाठी नव्हते. केंद्रीय किमान वेतन तेव्हा ताशी ७.२५ डॉलर होते (२००९ पासून ते वाढलेलेच नव्हते) आणि क्लिंटन यांची मागणी १२ डॉलरची होती; पक्षाच्या जाहीरनाम्यात मात्र टप्प्याटप्प्याने १५ डॉलर हा आकडा आला. वर्षाला १ लाख २५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना सरकारी महाविद्यालयांत शिक्षणशुल्क नसावे, ही योजना क्लिंटन यांनी पाठिंब्याच्या आठवडाभर आधी जाहीर केली. त्याच वेळी एक मोठी गोष्ट मिळाली नाही. टीपीपी या पॅसिफिक व्यापार कराराला जाहीरनाम्यात स्पष्ट विरोध नोंदवावा, ही सँडर्स यांच्या लोकांची मागणी ऑर्लँडोतील बैठकीत फेटाळली गेली, आणि म्हणून फिलाडेल्फियाच्या सभागृहात त्या कराराविरुद्धचे फलक उंचावले जात होते. ज्या भागांत कारखाने बंद पडले होते तिथल्या मतदारासाठी हा करार हाच मुख्य प्रश्न होता, आणि पाठिंब्यातून नेमके त्याच्याच हाती काही लागले नव्हते. त्यामुळे आपल्या दुसऱ्या सदस्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, हा सौदा असेल, तर सौद्यात काय लिहिले गेले आणि काय वगळले गेले हे वाचायला हवे. सौदा हा शब्द उच्चारला की विचार संपतो, असे होऊ नये.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी नॅशुआ शहरात यादीप्रमाणे घरे करत होते. एका घरापुढे सँडर्स यांची निळी पाटी अजून रोवलेली होती. उन्हापावसाने तिचा रंग उडाला होता आणि पायरीवर हॅलोविनचे भोपळे मांडलेले होते. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की आपण सँडर्स यांच्या समर्थक दिसता, आणि त्यांनी स्वतः क्लिंटन यांना पाठिंबा दिला आहे. त्यांनी मला तिथेच थांबवले. त्या म्हणाल्या, “बर्नींनी मला माझे ऐका असे कधी सांगितले नाही. प्रश्न विचारा असे सांगितले. तेच मी विचारते आहे. १५ डॉलरचे जाहीरनाम्यात लिहिले आहे ना, मग टीव्हीवर तुमच्या जाहिराती रात्रंदिवस चालतात, त्यांत ते एकदाही का ऐकू येत नाही?” त्या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. आम्ही पायरीवर उभ्या राहून अर्धा तास बोललो. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले, जे ठाऊक नव्हते ते नाही म्हणून सांगितले. शेवटी त्यांनी माझ्या हातातले पत्रक घेतले, पण पाटी काढली नाही. त्यांनी मत कोणाला दिले हे मला माहीत नाही आणि ते विचारणे योग्यही झाले नसते. त्या राज्यात क्लिंटन जिंकल्या, सुमारे ७ लाख ४० हजार मतांमध्ये २,७३६ मतांनी. तेव्हापासून ‘नेत्याने सांगितले आहे’ हे वाक्य मी प्रचारात पहिले वाक्य म्हणून कधीही वापरलेले नाही.

मला या सगळ्यात जे दिसते ते असे : पाठिंब्याचे वजन पाठिंबा देणारा आणि घेणारा यांच्या नात्यावर ठरत नाही, ते देणारा आणि त्याचे मतदार यांच्या नात्यावर ठरते. सँडर्स यांच्यामागे लोक एका कार्यक्रमासाठी जमले होते, आणि कार्यक्रमामागे आलेली माणसे नेत्याच्या सांगण्यावरून दुसरीकडे सरकत नाहीत. तो कार्यक्रम सरकला आहे याची खात्री पटली तरच सरकतात. आपण मराठी वाचक इथे सहज फसतो, कारण ‘पाठिंबा’ म्हटले की आपल्या मनात गठ्ठा मतांचा हिशेब येतो. भारतात राष्ट्रपतीची निवड खासदार आणि आमदार करतात, त्यामुळे २००७ मध्ये शिवसेनेने रालोआत असूनही प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला, तेव्हा त्या पाठिंब्याची किंमत मतमूल्यांच्या बेरजेत मांडता येत होती. अमेरिकेत अशी बेरीज करता येत नाही, कारण तिथे प्रत्येक मत ज्याच्या त्याच्या हातात असते.

याची खूण मी आमच्याच राज्यात आठ वर्षे आधी पाहिली होती. २८ जानेवारी २००८ रोजी आमच्या राज्याचे ज्येष्ठ सिनेटर टेड केनेडी यांनी वॉशिंग्टनमधील अमेरिकन युनिव्हर्सिटीत, उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याविरुद्ध लढणाऱ्या बराक ओबामा यांना पाठिंबा जाहीर केला. मॅसॅच्युसेट्समध्ये केनेडी या नावाचे वजन काय होते हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. राज्याचे दुसरे सिनेटर जॉन केरी आणि गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक हेही ओबामांच्याच बाजूने होते. आठवडाभराने, ५ फेब्रुवारीला प्रायमरीचे मतदान झाले आणि क्लिंटन यांनी हे राज्य सुमारे १५ टक्के गुणांच्या फरकाने जिंकले. त्या मतदारांचे केनेडींवरचे प्रेम तसूभरही कमी झाले नव्हते. फक्त राष्ट्राध्यक्ष कोण व्हावे, हा प्रश्न त्यांनी केनेडींवर सोपवलेला नव्हता.

मग पाठिंबा कधीच कामाचा नसतो का? असतो, आणि त्याचे माझ्या पाहण्यातील सर्वांत ठळक उदाहरण २०२० मधले आहे. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आणि नेव्हाडात दुसरे आले होते आणि त्यांची मोहीम संपली असेच बहुतेक जण धरून चालले होते. साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी आपले मत तोवर जाहीर केलेले नव्हते. एका परिचिताच्या अंत्यविधीसाठी ते चर्चमध्ये गेले असता पहिल्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध महिलेने त्यांना जवळ बोलावून, तुम्ही मत कोणाला देणार, असे विचारले. क्लायबर्न यांनी खाली वाकून तिच्या कानात नाव सांगितले. ती म्हणाली की मला हे ऐकायचे होते, आणि इथल्या सगळ्यांनाच ते ऐकायचे आहे. हा प्रसंग क्लायबर्न यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. २६ फेब्रुवारीला त्यांनी पाठिंबा जाहीर केला तो याच अर्थाच्या शब्दांत : आम्ही जो यांना ओळखतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो आम्हाला ओळखतात. तीन दिवसांनी बायडन यांनी ते राज्य जवळपास ४९ टक्के मते मिळवून जिंकले. सँडर्स २० टक्क्यांच्या आसपास राहिले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी हा पाठिंबा आपल्यासाठी महत्त्वाचा ठरला असे सांगितले. ३ मार्चच्या मतदानात बायडन यांनी १४ पैकी १० राज्ये घेतली.

त्या चर्चमधल्या बाईंकडे पुन्हा एकदा पाहावे, असे मला वाटते. तिथे प्रश्न आधी मतदाराने विचारला होता आणि नेत्याने त्याला उत्तर दिले होते. पोर्ट्समथमध्ये मात्र कोणी न विचारलेले उत्तर वरून आले. शिवाय क्लायबर्न यांनी मागितलेली गोष्ट उघड होती : सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय महिलेची नेमणूक करण्याचे आश्वासन द्यावे. बायडन यांनी ते २५ फेब्रुवारीच्या चार्ल्स्टन येथील वादचर्चेत सर्वांसमोर दिले आणि ७ एप्रिल २०२२ रोजी केतांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नियुक्तीला सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी मंजुरी दिली. सौदा झालाच असेल, तर तो असा, सगळ्यांना तपासून पाहता येईल असा असावा.

याच्या उलट टोकाला रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांचे उदाहरण आहे; उमेदवारीच्या लढतीत ते ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी होते. जुलै २०१६ मध्ये क्लीव्हलँड येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ट्रम्प यांचे समर्थन करण्याचे टाळले आणि सद्सद्विवेकाला स्मरून मत द्या असे सांगितले, म्हणून त्यांची हुर्यो उडाली; दोन महिन्यांनी त्यांनी पाठिंबा दिला. ट्रम्प यांनी त्यांच्या पत्नीबद्दल आणि वडिलांबद्दल जे अपमानास्पद म्हटले होते ते त्यानंतरही तसेच होते. त्या पाठिंब्यावर संशय घेणाऱ्या मतदाराला मी दोष देऊ शकत नाही.

आता पहिल्या सदस्यांच्या आरोपाकडे येते, कारण तो मला सर्वांत जास्त टोचतो. मतदानोत्तर पाहणीत असे आढळले की प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना मत दिले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून क्लिंटन सुमारे ७८ हजार मतांनी हरल्या, त्यामुळे या १२ टक्क्यांवर बोट ठेवणे सोपे जाते. परंतु त्यांपैकी बरेच जण स्वतःला डेमोक्रॅट मानतच नव्हते. ते सँडर्स यांच्यासाठी त्या पक्षाच्या दारापर्यंत आले होते, पक्षासाठी नव्हे. आणि २००८ मध्ये प्रायमरीत क्लिंटन यांना मत देऊन नंतर रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्याकडे गेलेल्यांचे प्रमाणही याहून कमी नव्हते, पण ओबामा जिंकल्यामुळे त्यांना कोणी जाब विचारला नाही. सँडर्स यांनी मात्र त्या शरद ऋतूत क्लिंटन यांच्यासाठी राज्याराज्यांतून सभा घेतल्या, आणि त्यांच्या मतदारांपैकी फार मोठ्या बहुसंख्येने शेवटी क्लिंटन यांनाच मत दिले, बहुधा माझ्या नॅशुआच्या बाईंसारखेच प्रश्न विचारत.

त्या प्रश्नांचा पुढे परिणाम झाला असे मी मानते. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेट, म्हणजे पदसिद्ध प्रतिनिधी, यांचे उमेदवार ठरवण्याच्या पहिल्या फेरीतील मत काढून घेतले. २०२० मध्ये सँडर्स यांनी ८ एप्रिलला माघार घेतली आणि १३ तारखेलाच बायडन यांना पाठिंबा दिला, पण त्यासोबत दोघांच्या माणसांचे सहा संयुक्त गट नेमले गेले. हवामान, आरोग्यसेवा, शिक्षण, अर्थव्यवस्था, न्यायव्यवस्था आणि स्थलांतर या विषयांवर त्यांनी जुलैत सविस्तर मसुदा प्रसिद्ध केला. त्या वर्षी करोनामुळे दारोदार जाता आले नाही, आम्ही फोनवरून बोलत होतो. सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरच्या एका तरुण मतदाराने मला सरळ विचारले की, पाठिंबा वगैरे ठीक आहे, पण किमान वेतनाबद्दल नेमके काय लिहिले आहे. या वेळी तो मसुदा माझ्यासमोर उघडा होता. मी ते पान शोधले आणि तो परिच्छेद त्याला शेवटपर्यंत वाचून दाखवला.