अक्षता टाकलेल्या हातांनी तक्रार करावी का?

प्रश्न : मी कर्नाटकातील निपाणी तालुक्यातील एका गावात माध्यमिक शिक्षिका आहे. दर ३ जानेवारीला आमच्या शाळेत येऊन सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आणि मुलींच्या शिक्षणावर तळमळीने बोलणाऱ्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आपल्या नातीचे लग्न कोगनोळीचा सीमानाका ओलांडून महाराष्ट्रात, कागलकडच्या एका कार्यालयात उरकले. मुलगी माझ्याच वर्गातली, नववीची, वय पंधरा. पत्रिका छापली नव्हती, निरोप तोंडीच होता. सारे गाव जेवून आले आणि आता सारे गाव गप्प आहे. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी रोज गैरहजेरीची खूण करते. अक्षता मीही टाकल्या होत्या. मग तक्रार कोणत्या तोंडाने करू?

उत्तर : बाई, तुमची टोचणी खरी आहे आणि ती मी पुसून टाकणार नाही. मात्र गावाचे हे मौन आजोबांवरील आदरापोटी आहे, असे मला वाटत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असे लग्न लावणाऱ्याइतकाच त्याला जाणूनबुजून हजर राहणाराही दोषी ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड अशी आहे, फक्त स्त्रियांना कारावास होत नाही. पंगतीत बसलेला प्रत्येक जण त्या दिवसापासून त्या घराशी बांधला गेला आहे, तुम्हीसुद्धा.

नाका ओलांडण्याने काय साधते, हेही समजून घ्या. कर्नाटकाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्यात होणारा बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला. पलीकडे लागलेले लग्न मात्र रद्द करून घेण्यासाठी मुलीला न्यायालयात अर्ज करावा लागतो. ही वाट तिला वीस वर्षांची होईपर्यंत मोकळी असते आणि ती अल्पवयीन असताना पालक किंवा हितचिंतक बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह तिच्या वतीने अर्ज करू शकतात.

परंतु आजोबांचे ढोंग उघडे पाडणे हे आजचे काम नव्हे. ती मुलगी आज सासरी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरतो. त्यामुळे वाट पाहण्याला जागा नाही. १०९८ या मुलांच्या मदतीसाठीच्या क्रमांकावर आजच फोन करा, मुलगी कोणत्या गावी आहे ते नेमके सांगा आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करा. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनाही लेखी कळवा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेच्या नोंदीचा साक्षांकित उतारा मुख्याध्यापकांकडून मागवून ठेवा, कारण वयाचा वाद निघाला की अशा घरांतून नवा दाखला पुढे येतो. चौकशीत तुम्हाला विचारले, तर आपण हजर होतो हे लपवू नका. लग्न झाल्याचे सांगणारा डोळ्यांदेखतचा साक्षीदार त्या मुलीला दुसरा कोण मिळणार आहे?

आणि तिला पुढे एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बसायचे आहे. गैरहजेरीचे कारण दाखवून तिचे नाव पटावरून कमी होऊ देऊ नका.