आधी शेवटचा आदेश वाच

प्रिय बाळ,

तुझी मेल दोनदा वाचली. मावशींची टपरी नगरपरिषदेनं हटवू नये म्हणून तू दिलेला निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईहुकमाचा, अर्ज फेटाळला गेला याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळींचा. तत्त्व जिंकतं आणि माणूस हरतो, मग हे सगळं मी कशाला पाठ केलं, असं विचारतोस. आणि त्याच दमात स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू का म्हणतोस. क्लासचं तुझं तू ठरव. प्रश्नाचं उत्तर मात्र देते, कारण प्रश्न खरा आहे.

मावशींच्या चहाच्या टपरीसाठी तू ओल्गा टेलिस या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिलास. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. मग नगरपरिषदेच्या वकिलांनी त्याच निकालाची शेवटची पानं वाचून दाखवली आणि तू गप्प बसलास. ती पानं तू त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलीस म्हणून गप्प बसलास. माझ्याकडे इंटर्न होतास तेव्हा मी रोज काय सांगत होते? निकाल हातात आला की आधी शेवटचा आदेश वाच. कोर्टानं काय म्हटलं ते नंतर. काय केलं ते आधी.

आता नीट ऐक. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. तेही ऐन पावसाळ्यात. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला. तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. माणसाचं पोट भरण्याचं साधन काढून घेतलं की त्याचं जगणंच काढून घेतलं, हे त्यात आहे. तुझ्या गाईडमध्ये एवढंच छापलेलं असतं.

पुढे काय आहे? महापालिका कायद्याचं कलम ३१४, म्हणजे नोटीस न देता अतिक्रमण हटवायचा अधिकार, वैध ठरलं. फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही, हेही ठरलं. आणि आदेश असा, की पावसाळा संपल्यावर महिनाभर, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्यांना हात लावू नका. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे जागा द्या. पण तीही हटवण्याआधीची अट नव्हे. म्हणजे माणसांच्या हातात पडला एक पावसाळा, आणि काहींना दूरच्या जागेचं आश्वासन.

हे वाचून तुला वाटलं, सगळं पोकळ आहे. मला तसं वाटत नाही, कारण मी आदेशापासून मागे वाचत जाते. कलम ३१४ कशाच्या जोरावर वाचलं? नोटीस द्यायची की नाही हा आयुक्तांचा विवेक आहे, तो न्याय्य रीतीनं वापरला पाहिजे, आणि नोटीस न देणं हा अपवादच असला पाहिजे, या अर्थाच्या जोरावर. मावशींना नोटीस मिळाली होती का? मुकादम येऊन तोंडी सांगून गेला, असं तूच लिहिलंयस. मग तुझा मुद्दा त्या निकालात होता, पण तू हक्काच्या घोषणेत अडकलास.

आणखी एक. मावशींनी नगरपरिषदेला 'टपरी काढून घेईन' असं लिहून दिलं होतं, तो कागद तुझ्याविरुद्ध वापरला गेला. ओल्गा टेलिसच्या याचिकेतही असंच झालं होतं. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असं हायकोर्टात त्यांच्या बाजूनं कबूल करून झालं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूलभूत हक्क अशा कबुलीनं जात नाहीत. हे उत्तर तू हातात घेऊन उभा होतास! पूर्ण निकाल फाईलला जोडला होतास आणि वाचला नव्हतास. याचा मला किती त्रास झाला, सांगता येत नाही.

आता मनेका गांधींचा निकाल काढ. २५ जानेवारी १९७८. कायद्यानं ठरवलेली पद्धत न्याय्य, वाजवी असलीच पाहिजे, हे तुला झोपेतही म्हणता येईल. पण सरकारनं जप्त केलेल्या त्यांच्या पासपोर्टचं काय झालं? सरकारनं बाजू ऐकून घ्यायची तयारी दाखवली म्हणून कोर्टानं औपचारिक आदेश न देताच याचिका निकाली काढली. केशवानंद भारती घे. १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, ७ विरुद्ध ६. घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे संसदेला दुरुस्ती करूनही मोडता न येणारा भाग, उभी राहिली. पण एडनीर मठाच्या स्वामींचं, म्हणजे केशवानंदांचं, भांडण केरळच्या ज्या जमीन कायद्यांशी होतं, त्यांना कोर्टातल्या आव्हानापासून वाचवण्यासाठी घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेणारी २९ वी घटनादुरुस्ती वैधच ठरली. हे माहीत नसेल तर तुला केशवानंद माहीत नाही.

भाषेला भुलू नकोस, हे मी एडीएम जबलपूरच्या निकालावरून शिकले. आणीबाणीत देशातल्या नऊ हायकोर्टांनी विनाखटला तुरुंगात टाकलेल्या स्थानबद्धांची बाजू उचलून धरली होती. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध १ असं ते पुसून टाकलं. बहुमताच्या निकालपत्रांत मोठमोठी वाक्यं आहेत. स्थानबद्धांना जवळजवळ आईच्या मायेनं वागवलं जातंय, असंही न्यायमूर्ती बेग यांनी लिहिलं. आदेशाचा अर्थ एवढाच, की दाद मागायला दार नाही. विरोधात एकटे एच. आर. खन्ना. त्यांच्या मताला तेव्हा आदेशाचं बळ नव्हतं; सरन्यायाधीशपद हुकलं, ते बेगांना मिळालं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं आणीबाणीतही अनुच्छेद २१ ला हात लावता येणार नाही असं केलं, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी निकालात, जबलपूरचा निर्णय कोर्टानं स्वतःच मोडीत काढला. १९७६ च्या बहुमतात असलेल्या यशवंतराव चंद्रचूडांच्या मुलानंच ते लिहिलं. तू म्हणशील, खन्नांचं मत हा आदेश नव्हता, तरी टिकलं. हो, टिकलं. पण ते का लिहावं लागलं हे बहुमताच्या आदेशानं माणसांचं काय झालं ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडचंच बघ. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. बलात्काराचा खटला: तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली पोलीस चौकी, आदिवासी मुलगी, दोन पोलीस. नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं. वर्षभरानं उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. निकाल ओळीनं वाचून, 'प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणजे संमती' हे कोर्टानं कुठून आणलं, असं त्यांनी विचारलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीला काही मिळालं नाही. ते चौघे तरीही वाचत बसले, आणि तू एका निशाणी ५ वर क्लास शोधतोस.

चिडून लिहिते आहे, कळतंय मला. कारणही सांगते. माझ्या एका अशील बाईंच्या वाटणीच्या दाव्यात हुकूमनामा आमच्या बाजूनं झाला. बाररूममध्ये पेढे वाटले. पण शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे जाते. तिथे कागद पडून राहिला. मी खेटे घातले, अर्ज दिले, दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात, तारखा घेतल्या. ताबा आला तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. त्यांच्या मुलीनं माझे पाय धरले, आणि मला मान वर करवेना. तेव्हापासून मी शेवटून वाचते. लोक म्हणतात मॅडम हळू आहेत, मॅडमचे युक्तिवाद रंगत नाहीत. अशील रंगणाऱ्यांकडे गेले, जाऊ देत. मी हायकोर्टात जायला हवं होतं असं अजूनही कधी कधी वाटतं. पण अशिलाला दाराशी काय मिळणार हे आधी न विचारता मी एकही दाखला दिलेला नाही, आणि हे मी उद्धटपणा वाटला तरी सांगणार.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तत्त्व जिंकलं आणि माणूस हरला असं तुला वाटतं तिथे पुढचं कलम शोध. उपजीविकेचा जो हक्क १९८५ मध्ये फुटपाथवाल्यांना वाचवू शकला नाही, तोच २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या नावात आहे. कलम ३ चं पोटकलम ३ उघड: सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. तुमच्या गावात सर्वेक्षण झालंय का? मावशींचं नाव यादीत आहे का? तुझ्या अर्जात यातलं अक्षर नाही.

आदेशाची नक्कल मागितलीस का? अपील जिल्हा न्यायालयात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ नियम १(आर) खाली, मुदत ३० दिवस. नकलेला लागलेले दिवस वजा होतात, पण त्या भरवशावर राहू नकोस. सर्वेक्षणाच्या माहितीसाठी नगरपरिषदेला आजच माहिती अधिकाराचा अर्ज दे. अपिलाचा मसुदा शनिवारपर्यंत मला पाठव. त्यात पहिल्यांदा विनंतीचा परिच्छेद लिही: मावशींना कोर्टाकडून नेमकं काय हवं, कुठल्या तारखेपर्यंत. ओल्गा टेलिस त्याच्या नंतर, आणि पूर्ण वाचून.

अनेक आशीर्वाद.