इन्स्टंट नूडल्स दोन मिनिटांत होतात, मग आपल्या शेवया का नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: उन्हाळ्यात घरी करून ठेवलेल्या शेवयाही वाळलेल्या आणि पाकिटातल्या नूडल्सही वाळलेल्या, मग एकीला वेळ लागतो आणि दुसरी दोन मिनिटांत कशी तयार होते? शिवाय हे काढलं कुणी आणि लोकांना एवढं आवडतं का?

नूडल्स कारखान्यातच शिजलेल्या असतात. गॅसवर ठेवून आपण त्या फक्त पुन्हा ओल्या करतो. शेवया मात्र कच्च्या पिठाच्याच वाळवलेल्या असतात, त्यामुळे त्यातला स्टार्च शिजायचं काम आपल्या पातेल्यात होतं. म्हणून तुलना करायचीच तर कुरडईशी करा. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक आपण आधी चुलीवर रटरटून शिजवतो आणि मग सोऱ्यातून घालून उन्हात टाकतो. स्टार्च आधीच फुललेला असल्यामुळेच कुरडई नुसती भिजवली तरी मऊ पडते आणि तिची भाजी होते. नूडल्सची अर्धी युक्ती आपल्या गच्चीवर दर एप्रिलमध्ये वाळत असते म्हणा ना.

उरलेली अर्धी युक्ती तळण्यात आहे. कारखान्यात मैद्याला साधारण त्याच्या वजनाच्या एक तृतीयांश पाणी, मीठ आणि थोडा खार लावतात. पाकिटावर ५००(i), ५०१(i) असे आकडे दिसतात ते म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, आपल्या पापडखाराच्या जातीचेच. खारामुळे मैदा पिवळसर होतो आणि नूडल्सना चिवटपणा येतो. तो नसता तर गरम पाण्यात त्या लवकर मऊ पडल्या असत्या. हे पीठ रुळांतून लाटत लाटत जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं करतात आणि कापतात. कापणारे रूळ जोरात फिरतात, पण पुढचा पट्टा हळू सरकतो, म्हणून दोऱ्या एकमेकींवर लोटल्या जाऊन नागमोडी होतात. हा नागमोडीपणा नुसता दिसायला नाही. त्यामुळे वडीत फटी राहतात आणि वाफ, तेल व नंतर पाणी सगळीकडे पोचतं.

मग एक ते पाच मिनिटं वाफ. इथे स्टार्च शिजतो. त्यानंतर वडी साच्यात बसवून १४० ते १६० अंशांच्या तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर पडते आणि जाता जाता बारीक छिद्रं सोडते. ओलावा तीस-चाळीस टक्क्यांवरून दोन ते पाच टक्क्यांवर येतो. पातेल्यातलं पाणी याच छिद्रांतून आत शिरतं. तेलाऐवजी गरम हवेत वाळवलेल्या नूडल्सही मिळतात. त्यांत छिद्रं कमी, म्हणून त्यांना चार-पाच मिनिटं लागतात. तळलेल्या वडीत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं हेही विसरू नका. ‘उकडलेलं आहे, म्हणजे हलकं’ हा समज चुकीचा आहे.

हे शोधलं मोमोफुकू आंदो यांनी. जन्म १९१० चा, तैवानमधला. महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाची टंचाई होती आणि अमेरिकेतून गहू येत होता. ओसाकाजवळच्या इकेदा गावात घरामागच्या शेडमध्ये त्यांनी प्रयोग केले आणि २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आणलं. तळण्याची कल्पना त्यांना तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, तळताना पाहून सुचली असं सांगतात. गंमत म्हणजे आज स्वस्त म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ तेव्हा महाग होता: पाकीट ३५ येन, तर ताज्या उदोन नूडल्स ६ येनच्या आसपास. पुढे अमेरिकेतले लोक वडी मोडून कपात भिजवतात हे पाहून १९७१ मध्ये कप नूडल्स आले. भारतात मॅगी १९८३ च्या सुमारास आली. आज जगात वर्षाला सुमारे १२,००० कोटी पाकिटं आणि कप खपतात आणि चीन, इंडोनेशियापाठोपाठ नंबर आपला आहे.

आवडण्याचं कारण बहुतांशी मसाल्याच्या पुडीत आहे. मीठ आणि तिखटाबरोबर त्यात ६३५ क्रमांकाचा चव वाढवणारा घटक असतो. तो ग्लुटामेटसोबत (अजिनोमोटोतला चव देणारा घटक) आला की दोघांची मिळून चव कितीतरी पटीने वाढते. ग्लुटामेट वेगळं घालावंच लागतं असं नाही. प्रथिनाचं विघटन केलं की ते आपोआप तयार होतं, आणि काही मसाल्यांत चक्क शेंगदाण्याचं असं प्रथिन वापरतात. २०१५ च्या मॅगी प्रकरणात ‘अजिनोमोटो घातलेलं नाही’ या दाव्यावरून वाद झाला, त्याचं मूळ यातच होतं. नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त शिसं सापडल्याचा आरोप हा वेगळा मुद्दा होता. जूनमध्ये आलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली आणि नोव्हेंबरात पाकिटं परत आली. रोजच्या खाण्यात माझ्या मते खरी काळजी मिठाची. पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका पाकिटाचा, ते आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे.

आता करण्याविषयी. ७० ग्रॅमच्या पाकिटाला पसरट भांड्यात २०० ते २१० मिली पाणी पुरतं. दोन पाकिटांना दुप्पट घालू नका, ३८० मिलीच्या आसपास बास. भांडं तेच असल्याने वाफ होऊन जाणारं पाणी दुप्पट होत नाही आणि मग रस्सा पाणचट राहतो. पाणी खळखळलं की मसाला, मग वडी. पहिलं मिनिट ढवळू नका, एकदा उलटवा आणि सुटी झाली की हलवा. टोमॅटो घालायचा तर आधी तेलात पूर्ण गळू द्या. थोडा रस दिसत असतानाच गॅस बंद करा, कारण ताटात येईपर्यंत नूडल्स पाणी पीतच राहतात. डब्यात नेल्या की गोळा होतो तो यामुळेच.

सोलापुरात शेंगा चटणी घालणारे बरेच. घाला, पण गॅस बंद केल्यावर, पाकिटाला एक मोठा चमचा. उकळत्यात टाकली तर दाण्याचा कूट पाणी शोषतो, तळाला धरतो आणि लसणाचा वास उडून जातो. चटणीत मीठ असतंच, तेव्हा पुडी निम्मीच वापरा.

घरच्या शेवया झटपट करता येतील का? येतात, पण शेवयांच्या यंत्रातून न काढता लाटून कापा. २०० ग्रॅम मैदा, ७० मिली पाणी, ३ ग्रॅम मीठ, पाव चमच्याहून कमी पापडखार. पीठ रवाळ, कोरडं वाटेल. पाणी वाढवू नका, अर्धा तास झाकून ठेवा. पातळ लाटून, बारीक कापून मोदकपात्रात पाच मिनिटं वाफवा, पंख्याखाली सुटं करा आणि मध्यम तेलात बुडबुडे थांबेपर्यंत तळा. तेल जास्त तापलं तर वरून लाल होतात आणि आत ओलावा राहून लवकर बुरशी धरतात.

साठवताना शत्रू आपला उन्हाळा. पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याच्या दुकानात वरच्या फळीवरच्या पाकिटातलं तेल तारखेआधीच खवट होऊ शकतं. कंपन्या पामतेल वापरतात ते स्वस्त आणि खवट व्हायला उशीर लागतो म्हणून, पण उशीर म्हणजे कधीच नाही असं नव्हे. पाकीट फोडल्यावर वडीचा वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा आला तर तारीख काहीही असो, टाकून द्या.