पापणी वर उचलण्याच्या ऑपरेशननंतर झोपेत डोळा उघडा राहतो. काही बिघडलंय का?

ऑपरेशनला आठ दिवस झाले, बाबांचा डोळा झोपेत अर्धवट उघडा राहतो आणि सकाळी वाळू गेल्यासारखा खुपतो, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं.

या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा पापणी उचलणाऱ्या स्नायूची सैल पडलेली कंडरा (स्नायूला पापणीशी जोडणारा पट्टा) पुढे ओढून बांधतात. त्यामुळे पापणी वर राहते खरी, पण मिटताना तेवढीच कमी पडते. त्यात सूज. म्हणून सुरुवातीला थोडी फट बऱ्याच जणांना राहते आणि हळूहळू कमी होते. जपायचं असतं ते बुबुळ. रात्रभर उघडं राहून ते कोरडं पडलं की ओरखडे उठतात, जंतू शिरले तर जखम होते, आणि तिचा पांढरा डाग कायमचा राहू शकतो.

आईला घरी सोडताना टाके कधी काढायचे ते सांगितलं, रात्रीच्या मलमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आम्ही तिला पंख्याखालीच झोपवत होतो. पाचव्या दिवशी डोळा लालभडक, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर बुबुळाच्या खालच्या भागात बारीक ठिपके होते. मग दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना मलम, आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे पापणी मिटवून वरून चिकटपट्टी. पलंगही पंख्याखालून हलवला. तीन आठवड्यांनी खुपणं थांबलं. ते मलम पहिल्याच रात्री मिळालं असतं तर, हे मला आजही लागतं.

बाबा झोपले की फटीतून काय दिसतं ते बघा. पांढरं दिसलं तर बुबुळ वर सरकून पापणीआड जातंय. काळं दिसलं तर धोका जास्त, आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन्ही पापण्या सारख्या दिसत नाहीत म्हणून एवढ्यात घाबरू नका. दोन्हींना मेंदूकडून एकच हुकूम जातो. एक वर उचलली की दुसरी खाली आल्यासारखी वाटू शकते. खरंच फरक आहे का, ते सूज उतरल्यावर ठरवता येतं.

पण दुखणं वाढलं, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी दाखवा. एकाएकी प्रचंड ठणका लागून डोळा बाहेर आल्यासारखा वाटला, तर मध्यरात्रीसुद्धा थेट इस्पितळ गाठा. डोळ्यामागे रक्त साचलेलं असू शकतं. खुपणं आहेच, तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या मलमाचं विचारा.