देशी बियाण्यांच्या गटासाठी चर्चेचे संकेतस्थळ करायचे आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

देशी बियाणे जपणारी सहाशे माणसे व्हॉट्सॲपवर जमली आहेत, तिथे मागच्या हंगामात कोणी काय सांगितले ते सापडत नाही, म्हणून स्वतःचे चर्चास्थळ हवे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी वर्डप्रेस, ड्रुपल, डिस्कोर्स ही तयार सॉफ्टवेअरे आणि ‘मुलाच्या मित्राची कंपनी आपल्याला हवे तसे सॉफ्टवेअर लिहून देते म्हणते ते’ असे चार पर्याय तुम्ही मांडले आहेत. चौथा घेऊ नका. पहिल्या तिघांपैकी कोणताही घेतला तरी काही ना काही मार्ग निघतो. चौथा घेतला तर काही वर्षांनी जुन्या संकेतस्थळावरचा मजकूर बाहेर कसा काढावा, असा प्रश्न घेऊन तुम्हीच पुन्हा इथे याल.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी ज्या गिर्यारोहण संस्थेचा सभासद आहे, तिथे हा वाद कार्यकारिणीच्या बैठकीत रंगला होता. माझे म्हणणे होते की पीएचपीबीबी हे चर्चास्थळाचे तयार सॉफ्टवेअर घ्यावे. २००० सालापासून ते चालू आहे, फुकट आहे, स्वस्तातल्या कोणत्याही होस्टिंगवर (संकेतस्थळासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेवर) चालते आणि त्याच्या अडचणी जगभरातल्या लोकांनी आधीच सोसून झालेल्या आहेत. आमच्या तेव्हाच्या कार्यवाहांनी एकाच प्रश्नात ते निकालात काढले : ‘फुकटच्या मालाची जबाबदारी कोणाची? उद्या बंद पडले तर धरायचे कोणाला?’ सभेला हा प्रश्न बिनतोड वाटला आणि काम गावातल्याच एका कंपनीला गेले. संकेतस्थळ दिसायला देखणे झाले, वर सह्याद्रीची रांग, खाली सरकत्या पट्टीत सूचना, आणि उद्घाटनाला पेढेही वाटले गेले.

पहिली कुरबुर सुरू झाली ती एका ज्येष्ठ सभासदांच्या टिपणावरून. त्यांनी कुलंग किल्ल्याची वाट आणि वरची पाण्याची टाकी यांविषयी मोबाईलवर बसून सविस्तर लिहिले होते, तिसऱ्या परिच्छेदात स्वतःच्या दमछाकीचा उल्लेख करून एक हसरा चेहरा टाकला होता, आणि ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर त्या हसऱ्या चेहऱ्यासकट पुढचे सगळे टिपण नाहीसे झाले. टाक्यांविषयीचा भाग, म्हणजे ज्यासाठी कोणीही ते वाचले असते तो भाग, गेला. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा तिथेच तुटले. कंपनीच्या माणसाने फोनवरून निदान केले की काकांच्या मोबाईलमधला मराठी फॉन्ट बिघडला आहे.

फॉन्टचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते आणि इमोजी चार. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ नावाने जो जुना प्रकार आहे, तो तीन बाइटांपर्यंतचेच साठवतो; चार बाइटांसाठी ‘यूटीएफ८एमबी४’ असा वेगळा प्रकार २०१० पासून उपलब्ध आहे. जुना प्रकार आणि त्यावर ढिली सेटिंग असली की डेटाबेस चार बाइटांचे चिन्ह आले तिथे मजकूर तोडतो, उरलेला टाकून देतो आणि लिहिणाऱ्याला चकार शब्दाने सांगत नाही. मराठी तर व्यवस्थित दिसत असते, त्यामुळे दोष सॉफ्टवेअरचा आहे अशी शंकाही कोणाला येत नाही.

मी हे सगळे सविस्तर लिहून कळवले. उत्तर आले की ही सुधारणा मूळ कामात धरलेली नसल्याने तिचे कोटेशन वेगळे द्यावे लागेल. कार्यवाह म्हणाले, तांत्रिक बाबी त्यांच्यावरच सोडलेल्या बऱ्या. मग मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत सूचना लागली की सभासदांनी लेखनात कृपया हसरे चेहरे वापरू नयेत. डेटाबेसमधल्या एका दुरुस्तीऐवजी शेकडो माणसांना शिस्त लावण्याचा हा प्रकार मी अन्यत्र कुठे पाहिलेला नाही.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला : कंपनीने दर तिमाहीला डेटाबेसची आणि छायाचित्रांची संपूर्ण प्रत संस्थेला द्यावी. कार्यवाहांनी त्याला ‘अविश्वासाचा ठराव’ म्हटले, तरी तो जेमतेम बहुमताने संमत झाला. पुढे त्या कंपनीने धंदा बदलला, फोन उचलणे बंद झाले, आणि तेव्हा कळले की संस्थेच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, संस्थेच्या नावावर नव्हतेच. ते कंपनीच्या मालकाच्या ईमेलवर नोंदवलेले होते. नूतनीकरण कोणी केले नाही आणि संकेतस्थळ एका सकाळी दिसेनासे झाले. संस्थेच्या कपाटात तिमाहीच्या प्रती नसत्या तर वाटांची, टाक्यांची, मोहिमांची सगळी टिपणे त्याबरोबर गेली असती. ती प्रत उघडल्यावर सभासदांचे पासवर्डही जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत वाचायला मिळाले. नावाजलेले कोणतेही सॉफ्टवेअर, मग ते फुकट असो वा विकतचे, पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द वाचता येणार नाही अशा रूपात, ठेवते. एवढी प्राथमिक काळजीही पैसे मोजून घेतलेल्या मालात नव्हती.

तेव्हा ‘धरायचे कोणाला’ या प्रश्नाचे उत्तर आता सविस्तर देतो, कारण तुमच्याही गटात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पैसे दिले म्हणजे जबाबदारी विकत मिळते, ही समजूत मोठमोठ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही टिकलेली नाही. व्हीबुलेटिन हे एके काळी चर्चास्थळांसाठीचे सर्वांत प्रतिष्ठित विकतचे सॉफ्टवेअर होते. २००७ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने त्याची मूळ कंपनी विकत घेतली, नंतर त्याचे प्रमुख निर्माते बाहेर पडले आणि २०१० मध्ये त्यांनी झेनफोरो हे नवे सॉफ्टवेअर आणले, त्यावरून कोर्टकज्जे झाले. परवान्याचे पैसे भरलेल्या ग्राहकांना या भांडणात कोणी विचारले नाही. तरीही त्यांच्यापैकी अनेकांना दुसरीकडे जाता आले, कारण सॉफ्टवेअर त्यांच्या सर्व्हरवर आणि डेटाबेस त्यांच्या हातात होता. उलट, दुसऱ्याने दिलेल्या नुसत्या जागेवर विसंबलेल्यांचे काय होते तेही पाहून झाले आहे. समुदायांना जागा देणाऱ्या निंग या संकेतस्थळाने २०१० मध्ये फुकटचे समुदाय बंद केले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले, आणि याहू ग्रुप्सने डिसेंबर २०१९ मध्ये वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार संकेतस्थळावरून काढून टाकला. माझ्या लेखी निवडीची कसोटी एकच : आज ठरवले तर उद्या सगळा मजकूर, सभासदांची यादी आणि छायाचित्रे घेऊन बाहेर पडता येते का? सोयींची तुलना त्यानंतर.

या कसोटीवर तुमच्यासाठी डिस्कोर्स सर्वांत योग्य आहे. जेफ ॲटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१३ मध्ये आणले, त्याचा स्रोत खुला आहे, आणि छायाचित्रांसकट सगळ्या संकेतस्थळाचा बॅकअप त्यात एका फाइलीत मिळतो. नव्या सभासदाला सुरुवातीला मोजकेच दुवे आणि चित्रे टाकता येतात, आणि तो वाचत-लिहीत गेला की मुभा आपोआप वाढते. यामुळे बियाणे विकणाऱ्या जाहिरातबाजांचा निम्मा बंदोबस्त संपादकांनी काही न करता होतो. प्रत्येक वाणाचा एक धागा काढून त्याची पहिली नोंद ‘विकी’ करून ठेवली तर पेरणीचा काळ, पाण्याची गरज, बी सध्या कोणाकडे आहे, ही माहिती अनुभवी सभासद तिथल्या तिथे सुधारत राहू शकतात. तुमच्या कामाला याहून उपयोगी सोय मला दुसरी दिसत नाही. वेगळ्या ॲपचा आग्रह मात्र सोडा. संकेतस्थळ मोबाईलच्या पडद्यावर ॲपसारखे ठेवता येते, सूचना येतात, आणि आयफोनवरही २०२३ पासून अशा सूचना मिळणे शक्य झाले आहे.

ड्रुपलविषयी मराठी माणसाला जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली पुढे ड्रुपलवरच आली, मिसळपाव आणि ऐसी अक्षरे ही मराठी संकेतस्थळेदेखील त्यावरच उभी राहिली, आणि आपल्यापैकी अनेकजण मराठीत टंकायला तिथेच शिकले. परंतु ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि सातवरून पुढच्या आवृत्त्यांवर जाणे म्हणजे अद्ययावत करणे नसून जवळजवळ नवे घर बांधून सामान हलवणे आहे. हाताशी ड्रुपल जाणणारे माणूस नसेल तर आज नव्याने त्यात पडू नये. वर्डप्रेसला चर्चेची जोड देता येते, पण ते मुळात लेखांसाठी आहे आणि मराठी शीर्षकांच्या दुव्यांचे त्यात हाल होतात. दुव्यात देवनागरीचे एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांचे होते आणि वर्डप्रेस दुव्यातल्या शीर्षकाला दोनशेच चिन्हांची जागा देते, म्हणजे बाविसाव्या अक्षरचिन्हानंतर शीर्षक कापले जाते, आणि असा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की वाचणाऱ्याला टक्क्यांच्या चिन्हांची रांगच दिसते. डिस्कोर्स मराठी शीर्षकाच्या जागी आपण होऊन ‘टॉपिक’ आणि पुढे क्रमांक घालते. दिसायला रुक्ष, पाठवायला उत्तम.

कोणतेही घेतले तरी मराठी शोध स्वतः करून पाहा. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ते ‘अ’ आणि वरची खूण अशा दोन तुकड्यांत लिहिले जाई आणि काही कळफलक अजूनही तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात, आणि शोधणारा मात्र ‘माहितीच नाही’ म्हणून निघून जातो. वाणांची नावे सभासद किती प्रकारांनी लिहितात ते पाहून लेबले आधीच ठरवून द्या.

आता काही गोष्टी डिस्कोर्सच्या विरुद्धही सांगायला हव्यात. ते स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर चालत नाही. स्वतंत्र सर्व्हर लागतो, एक जीबी मेमरीवर ते कसेबसे चालते आणि दोन असावी, शिवाय गटात लिनक्सला न घाबरणारे एक तरी माणूस हवे. ते नसेल तर पैसे देऊन त्यांच्याकडूनच चालवून घ्या, किंवा मी आमच्या सभेत सुचवले होते ते पीएचपीबीबी घ्या. दिसायला जुनाट आहे, पण त्यातला मजकूर डिस्कोर्समध्ये नेण्याची सोय तयार आहे. दुसरे, ही संकेतस्थळे ईमेलवर चालतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत, तेव्हा डोमेनची एसपीएफ आणि डीकेआयएम ही ओळखपत्रे नीट लावली नाहीत तर नोंदणीची पत्रे कचऱ्यात जातात आणि सभासद समजतात की संकेतस्थळच बंद आहे. तिसरे, फक्त फोनवरून वावरणारे तुमचे काही शेतकरी ईमेल उघडतच नसतील. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपचा गट चालू ठेवावाच लागेल, आणि तिथली उत्तरे धाग्यांत आणून टाकण्याचे काम कोणी करायचे हे सॉफ्टवेअरच्या आधी ठरवा. त्या कामाला माणूस मिळत नसेल तर संकेतस्थळ करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला तुमच्या मुलाचा मित्र. त्याला दुखवायचे नसेल तर त्याला तीन गोष्टी लेखी मागा : डोमेन आणि सर्व्हर दोन्ही गटाच्या नावावर आणि गटाच्या ईमेलवर असतील, बॅकअप दर आठवड्याला गटाच्या ताब्यातल्या जागी उतरेल, आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणालाही ते पूर्ववत उभे करता येईल अशी टिपणे तो देईल. आमच्या कार्यवाहांसारखे कोणी याला अविश्वास म्हणेल, म्हणू द्या. त्याने होकार दिला तर डिस्कोर्स बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम त्यालाच द्या, त्याचा योग्य मोबदलाही द्या. नवे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम मात्र देऊ नका.