मखमल काढू नकोस

पोरी,

तुझ्या छोट्या पोथीचे फोटो मिळाले. पंचरत्नी गीताच आहे ती, पाच स्तोत्र-ग्रंथ एकत्र: गीता, विष्णुसहस्रनाम, भीष्मस्तवराज, अनुस्मृती आणि गजेंद्रमोक्ष. अशा तळहाताएवढ्या पोथीला गुटका म्हणतात, पण घरी सांगताना जपून. 'आज झकास गुटका मिळाला' असं मी एकदा बोलून गेलो, तर सासूबाई दोन दिवस माझं तोंड हुंगत होत्या.

विटलेली मखमल काढून नवी जरीची बांधणी कोणाकडून करून घेऊ, असं विचारलंयस. कोणाकडूनच नको.

तीस वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. तळहातात मावेल एवढा हस्तलिखित गुटका, पुठ्ठे सुटलेले. बाइंडरकडे टाकला. चार दिवसांनी लालभडक रेक्झिनमध्ये परत आला, वर सोनेरी ॐ. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून त्याने तिन्ही बाजू कटिंग मशीनवर घेतल्या होत्या. समासातल्या दुरुस्त्या अर्ध्याच उरल्या. जुने पुठ्ठे केराच्या टोपलीत गेले. ते पुठ्ठे म्हणजे एकावर एक चिकटवलेली रद्दी असते. एका कोपऱ्यात पापुद्रा सुटून आतला मोडी जमाखर्च डोकावत होता, तो मी देताना पाहिला होता. कुठल्या गावचा, कुठल्या पेढीचा, हे कळायची तेवढीच वाट होती. त्या माणसाला काय बोल लावणार? 'छान करून द्या' असं मीच सांगितलं होतं.

आता तुझी प्रत. ती हाताने लिहिलेलीच आहे असं धरून चालू नकोस. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापखाना, म्हणजे दगडावरून छापायचा कारखाना, काढला, आणि शिळाछापात लेखकाचं वळण जसंच्या तसं उतरतं, त्यामुळे भलेभले फसतात. भिंगाखाली शाई बघ. बोरू दौतीत बुडवल्यावर अक्षर गडद येतं आणि पुढे फिकं होत जातं. छापलेलं पान एकसारखं काळं दिसतं. चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप दिसला तर ती हरताळ. 'हरताळ फासणे' हे आपण म्हणतो ते इथलंच. तिच्यात आर्सेनिक असतं, तेव्हा बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय आजच सोड.

जुन्या बाजारात तू पाहिलेली ती पत्र्याची डबी आणि आतलं इवलं कुराण ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइस या प्रकाशकाने 1900 च्या सुमारास काढलेल्यांपैकी वाटतंय. जेमतेम तीन सेंटिमीटरचं पुस्तक, डबीच्या झाकणात भिंग. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतले मुसलमान शिपाई ते जवळ बाळगत. विकणारा 'हाताने लिहिलंय' म्हणेल. अक्षर फोटोने बारीक करून छापलेलं आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने औदा या अरब सरदाराची गोष्ट लिहून ठेवलीय: त्याने असं ताबीज-कुराण 120 पौंडांना घेतलं होतं, आणि ती निघाली अठरा पेन्सांची ग्लासगोची प्रत. पण तेव्हापासून तेरा वर्षं त्याला जखम झाली नव्हती, आणि त्याच्यासमोर हसायची छाती कोणाची होती! डबी आणि भिंग दोन्ही जागेवर असतील तरच घे. सुटं पुस्तक मी तरी घेणार नाही.

सांभाळायला फार लागत नाही. चिकटपट्टी नको, फेविकॉल नको, ऊन दाखवणं नको. धुतलेल्या सुती कापडाचं बासन, वर पुठ्ठ्याची पेटी, आणि दर महिन्याला उघडून कसर लागलीय का ते पाहणं. जुने लेखक पोथीच्या शेवटी लिहायचे, 'तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्'. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला राख. सैल बांधणीला मऊ सुती फीत गुंडाळली की भागतं.

रविवारी घेऊन ये. पानांत कुंकू किंवा सुकलेली तुळस असेल तर झटकू नकोस. आणि मखमलीचा तो सुटलेला तुकडा वेगळ्या कागदात ठेव. तिसऱ्या फोटोत त्याच्या कोपऱ्यावर काळ्या दोऱ्याचे चार टाके दिसतायत, बाकी शिवण लाल आहे. घरातल्या कोणीतरी हाती आलेल्या दोऱ्याने घातलेत ते. मला ते जवळून बघायचेत.