लंगोट, साखरपुडा आणि एक न विचारलेला प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत तो 27 वर्षांचा तरुण आला, तेव्हा त्याचा साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बराच वेळ तो उसाच्या बिलाविषयी बोलत राहिला आणि मग फरशीकडे बघत म्हणाला, “मॅडम, माझी एकच गोळी खाली हाय. मला मूल हुईल का?” तालमीत लंगोट बांधताना कुणी पाहू नये म्हणून तो पहाटे सगळ्यांच्या आधी जात असे. पुढे त्याने तालीमच सोडली आणि घरी गुडघ्याचे कारण सांगितले.

एकच वृषण (त्याच्या शब्दांत ‘गोळी’) खाली पिशवीत उतरलेल्या आणि दुसरे वर जांघेत किंवा पोटात राहिलेल्या बहुतेक पुरुषांना मूल होते. दोन्ही वर राहिली असतील तर मात्र अडचण मोठी असते, कारण शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागते आणि ते जांघेत किंवा पोटात मिळत नाही. दाढी, आवाज, कामेच्छा यांना लागणारे संप्रेरक बहुधा पुरेसे तयार होत राहते. हे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

पण त्याने न विचारलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत होता. वर राहिलेल्या वृषणात कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असते. एकूण पाहता तो थोड्यांनाच होतो, पण जांघेत दडलेल्या वृषणातली गाठ हाताला लवकर लागत नाही. शिवाय त्याच बाजूला हर्निया असू शकतो, आणि वृषणाला पीळ पडून अचानक तीव्र कळा व उलट्या सुरू झाल्या, तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून मी त्याला लग्नाची तारीख धरण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवले.

सोनोग्राफीत उजवे वृषण जांघेत, आकाराने लहान दिसले. वीर्यतपासणी समाधानकारक आली. या वयात असे वृषण खाली आणून फारसा उपयोग होत नाही, दुसरे निरोगी असेल तर ते काढण्याचा सल्ला बहुधा दिला जातो, आणि तोच त्यालाही मिळाला. ‘काढणे’ या शब्दापाशी तो दोन भेटी अडला होता. त्या भेटींत मी त्याला घाई केली नाही. होणाऱ्या बायकोला मात्र लग्नाआधी, अहवाल हातात घेऊन, त्याने स्वतः सांगावे असे माझे स्पष्ट मत होते. दोन्हीकडच्या नातेवाइकांना सांगण्याची गरज नव्हती. रंकाळ्यावर फिरताना त्याने तिला सांगितले. तिने एवढेच विचारले, “ऑपरेशनला किती दिवस राहावं लागंल?”

शेवटच्या भेटीला त्याची आई सोबत आली होती. ‘मोठा झाल्यावर आपोआप उतरंल’ असे तेव्हा कुणीतरी सांगितले आणि आपण ते ऐकले, हे सांगताना ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. सहाव्या महिन्यापर्यंत न उतरलेले वृषण सहसा आपोआप उतरत नाही आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी, हे मी तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग लेकीच्या आठ महिन्यांच्या बाळाला कुठल्या डॉक्टरांना दाखवायचे, ते तिने माझ्याकडून कागदावर लिहून घेतले.